ट्रेल सायकलसाठी सस्पेन्शन फोर्क: आधी फ्रेम मोजा, मग पाकीट काढा

नवा फोर्क घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती ट्रॅव्हलचा घेऊ?" ट्रॅव्हल म्हणजे फोर्क जास्तीत जास्त किती मिमी दबतो ते. खरं तर हा प्रश्न शेवटचा आहे. तुमच्या सायकलला कोणता फोर्क बसेल हे बहुतांशी फ्रेमनं आणि पुढच्या चाकाच्या हबनं आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्यातून जे पर्याय उरतात त्यांत बघायचा तो डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणा. ट्रॅव्हलचा आकडा त्यानंतर. हा क्रम उलटा केला की हातात सुंदर, महागडा आणि सायकलला न बसणारा फोर्क येतो.

इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी सायकल: २९ इंची चाकांची ॲल्युमिनियम हार्डटेल (मागे शॉक नसलेली), पुढे १०० मिमीचा स्प्रिंगचा फोर्क, ९ मिमीचा क्विक रिलीज (खटक्यानं उघडणारा चाकाचा आस). पाठीमागे शॉक असलेल्या सायकलीलाही बहुतेक सगळं लागू पडतं.

फोर्कच बदलायचा आहे का, ते आधी पाहा

हात बधिर होतात, पुढचं चाक उडतं, वळणावर घसरतं, यातल्या निम्म्या तक्रारी टायरमध्ये जास्त हवा भरल्यामुळे असतात. २.२ किंवा २.३ इंची टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरून दगडी वाटेवर गेलात, तर दीड लाखाचा फोर्कही काही करू शकणार नाही. ट्यूब असेल तर २८ ते ३० आणि ट्यूबलेस असेल तर २२ ते २५ पीएसआयच्या आसपास आणून, आपल्या वजनाप्रमाणे एक-दोन पीएसआय इकडेतिकडे करून, तीच वाट पुन्हा चालवून पाहा.

एवढं करूनही फोर्क अर्ध्याच्या वर दबत नसेल, किंवा दबल्यावर चेंडूसारखा उसळून हँडल वर फेकत असेल, तर दोष फोर्कचा. पहिल्या प्रकारात आतली स्प्रिंग तुमच्या वजनाला जड असते. मूळ फोर्कमधली स्प्रिंग एका ठरावीक वजनासाठी निवडलेली असते, आणि ५५-६० किलोच्या माणसाला ती बऱ्याचदा कडक पडते. वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त ती आधीपासून किती दाबून ठेवायची एवढंच बदलतं. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगला आवर घालणारा डॅम्पर एक तर नसतोच, किंवा नावापुरता असतो. लॉकआउट (फोर्क दबू न देणारं बटण) आहे म्हणजे डॅम्पर आहे असं समजू नका.

पायरी १: हेड ट्यूब

फोर्कच्या माथ्यावरची जी नळी फ्रेममधून वर जाते ती स्टिअरर. तिचे आज दोनच प्रकार लक्षात ठेवायचे. सरळ स्टिअरर वरपासून खालपर्यंत २८.६ मिमी असतो. टेपर्ड स्टिअरर वर २८.६ मिमीच, पण खाली क्राउनपाशी (दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या भागापाशी), जिथे हेडसेटची, म्हणजे स्टिअरर ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची, रेस बसते तिथे, ३९.८ मिमीपर्यंत रुंद होतो.

फ्रेमच्या हेड ट्यूबचे, म्हणजे स्टिअरर ज्यातून जातो त्या पुढच्या नळीचे, मात्र तीन प्रकार भेटतात. वर्निअर कॅलिपर नसेल तर शेजारच्या लेथवाल्याकडे मिळेल. अंदाजानं काम करू नका.

आतून ३४ मिमीची सरळ नळी असेल (हेडसेटच्या वाट्या वर-खाली स्पष्ट बाहेर दिसतात), तर टेपर्ड फोर्क बसणार नाही. कुठलाही अडॅप्टर नाही, कुठलीही युक्ती नाही. इथे सरळ स्टिअररचाच फोर्क शोधायचा. रॉकशॉक्स कंपनीच्या जुडी आणि रेकॉन या फोर्कमध्ये, तसंच सनटूर कंपनीच्या काही एअर फोर्कमध्ये, सरळ स्टिअरर आणि ९ मिमी ॲक्सल अशी जोडी मिळते.

आतून ४४ मिमीची सरळ नळी असेल तर मार्ग आहे. खालची वाटी बदलून बाहेर राहणारी मोठी वाटी घातली की टेपर्ड फोर्क बसतो. फक्त ती वाटी सायकलचं तोंड साधारण १२ मिमी वर उचलते, म्हणजे १२० मिमीचा फोर्क फ्रेमला जवळजवळ १३२ मिमीचा भासतो. हा हिशोब लोक हमखास विसरतात.

खाली रुंद, वर अरुंद अशी टेपर्ड हेड ट्यूब असेल तर चिंता नाही. काही कंपन्या अशा फ्रेमला स्वस्तातला सरळ फोर्क रिड्यूसर लावून बसवतात. त्यामुळे सध्याचा फोर्क पाहून निष्कर्ष काढू नका, फ्रेम पाहा.

पायरी २: ॲक्सल आणि हब

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. पुढच्या ॲक्सलची मापं अशी:

- ९ × १०० मिमी, क्विक रिलीज
- १५ × १०० मिमी, जुन्या मापाचा थ्रू ॲक्सल (दोन्ही पायांतून आरपार जाणारा जाड आस)
- १५ × ११० मिमी, म्हणजे बूस्ट. आजचे जवळपास सगळे ट्रेल फोर्क याच मापाचे
- २० × ११० मिमी, मुख्यतः डाउनहिलसाठी

१५ × १०० चा हब बूस्ट फोर्कमध्ये बसवायचा तर दोन्ही बाजूंना ५-५ मिमीचे स्पेसर आणि डिस्क रोटरखाली ५ मिमीचा स्पेसर लागतो. रोटरचा स्पेसर विसरलात तर चाक बसेल, पण रोटर कॅलिपरच्या फटीत येणार नाही. ९ मिमीच्या हबचं भवितव्य त्याच्या एंड कॅपवर, म्हणजे दोन्ही टोकांच्या टोप्यांवर, असतं. काही हबच्या कॅप ओढून काढता येतात आणि १५ मिमीच्या घालता येतात. कोन आणि सुट्या बॉलबेअरिंगच्या साध्या हबला तसं करता येत नाही. मग पुढचं चाक नव्यानं बांधायचं: हब, ३२ आरे, निपल आणि मजुरी. फोर्कच्या किमतीत हा खर्च आधीच धरा.

तरीही १५ मिमी परवडत असेल तर घ्याच. क्विक रिलीजच्या फोर्कमध्ये दोन्ही पाय वेगवेगळे वळवळतात. थ्रू ॲक्सलनं ते एकमेकांना बांधले जातात आणि दगडातून काढताना चाक जिथे वळवलंत तिथेच जातं.

पायरी ३: ब्रेक, चाक, टायर

सायकलला रिम ब्रेक असतील तर बहुतेक नव्या फोर्कवर ते बसवताच येणार नाहीत. डिस्क असेल तर फोर्कची पोस्ट माउंट (ब्रेकचा कॅलिपर बसवायची जागा) १६० मिमीच्या रोटरची आहे की १८० च्या ते पाहा. १८० च्या फोर्कवर १६० चा रोटर बसत नाही. उलट मात्र अडॅप्टर लावून चालतं.

चाकाचं माप फोर्कवर लिहिलेलं असतं, २७.५ किंवा २९. टायरच्या रुंदीची कमाल मर्यादाही पाहा. पावसाळ्यात लाल मातीत चालवणाऱ्यानं टायरच्या वर बोटभर जागा ठेवावी, नाहीतर चिखल आर्चखाली (दोन्ही पायांना जोडणाऱ्या कमानीखाली) साचून चाक जाम होतं.

ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस स्टिअररच्या रेषेपासून किती पुढे आहे, या आकड्यावर इंटरनेटवर रणं माजलेली दिसतील. २९ च्या फोर्कमध्ये पूर्वी ५१ मिमी रूढ होता, आता ४४ जास्त दिसतो. ऑफसेट कमी झाला की उतारावर स्टिअरिंग थोडं स्थिर वाटतं. फ्रेमसाठी कंपनीनं जो सांगितला असेल तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर या ७ मिमीसाठी चांगला फोर्क हातचा घालवू नका.

पायरी ४: डॅम्पर

फोर्कच्या एका पायात स्प्रिंग असते, हवेची किंवा पोलादाची. दुसऱ्या पायात डॅम्पर, म्हणजे बारीक छिद्रांमधून तेल ढकलून स्प्रिंगची हालचाल सावकाश करणारी यंत्रणा. स्प्रिंग तुमचं वजन पेलते आणि डॅम्पर चाक जमिनीला चिकटवून ठेवतो. दुकानात फोर्क दाबून पाहिला की सगळेच मऊ लागतात. फरक कळतो तो ओळीनं दहा दगड आल्यावर.

किमान अट एकच: रिबाउंडचं बटण असलं पाहिजे आणि ते फिरवल्यावर फरक जाणवला पाहिजे. पूर्ण बंद केल्यावर फोर्क संथपणे वर यावा, पूर्ण उघडल्यावर झटक्यात. दोन्हीकडे सारखाच येत असेल तर ते बटण शोभेचं आहे. त्यापुढची पायरी म्हणजे लो-स्पीड कॉम्प्रेशन. त्यानं ब्रेक मारताना नाक खाली घालणं आणि उभं राहून पेडल मारताना डुलणं कमी होतं.

रॉकशॉक्समध्ये टर्नकी, मोशन कंट्रोल आणि चार्जर अशी डॅम्परची चढती भाजणी आहे. फॉक्समध्ये ग्रिप हा साधा, दणकट आणि पुरेसा डॅम्पर. मार्झोकी हे बोलोन्यातलं १९४९ सालचं इटालियन नाव; त्याचा सायकलींचा विभाग २०१५ मध्ये फॉक्सकडे गेला, म्हणून मार्झोकीच्या बॉम्बर झेड-१ या फोर्कमध्ये फॉक्सचा ग्रिप डॅम्पर आढळतो. रंग कमी झगमगीत, आतलं सामान तेच. मात्र फोर्कचं नुसतं नाव पाहून घेऊ नका. एकाच नावाखाली सिल्व्हर, गोल्ड, सिलेक्ट, अल्टिमेट अशा पायऱ्या असतात आणि डॅम्पर बदलतो तो या शेपटीच्या शब्दावर. मोठ्या नावाच्या फोर्कची तळची आवृत्ती आणि मधल्या फोर्कची वरची आवृत्ती एकाच किमतीला मिळत असतील, तर बहुधा दुसरीच घ्यावी.

एअर स्प्रिंग घ्यावी की कॉइल? नवशिक्यानं एअर घ्यावी. वजन वाढलं, कमी झालं, पाठीवर दोन लिटर पाणी घेतलं, तरी पंपानं दोन मिनिटांत जुळवता येतं, आणि फोर्कही हलका होतो. मूळ स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या वर असतो, चांगला ट्रेलचा एअर फोर्क दोन किलोच्या आसपास.

बिननावाचे स्वस्त एअर फोर्क ऑनलाइन भरपूर दिसतात. त्यांत हवा असते, पण बऱ्याचदा रिबाउंड नसतो, आणि वर्षभरानं सील गेलं की त्या मापाचं सील मिळत नाही. घेण्याआधी फक्त एक करा: त्या फोर्कचं सील किट कुठे मिळतं ते विचारा. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा.

पायरी ५: ट्रॅव्हल आणि स्टँशनची जाडी

आता ट्रॅव्हल. फ्रेम बनवणाऱ्यानं कमाल ट्रॅव्हल किंवा ॲक्सल-टू-क्राउन, म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनपर्यंतची उंची दिलेली असते. तोच खरा आकडा, कारण दोन कंपन्यांच्या १२० मिमीच्या फोर्कची उंची सारखी नसते. आकडा सापडला नाही तर मूळ ट्रॅव्हलपेक्षा २० मिमीच्या वर जाऊ नका.

उंची २० मिमीनं वाढली की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) जवळपास १ अंशानं कलतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस जिथे बसतो तो भाग) ६-७ मिमी वर उचलला जातो. उतारावर हे छान वाटतं. पण सीटही तेवढीच मागे कलते, त्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. याच्याही पुढे गेलात तर हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबच्या जोडावर तरफेसारखा ताण येतो. १०० मिमीच्या फ्रेमवर १५० चा फोर्क घातला की वेल्डिंगला तडा जातो तो इथेच, आणि वॉरंटीही उरत नाही.

हार्डटेलवाल्यांसाठी आणखी एक. मागे शॉक नसल्यामुळे फोर्क दबतो तेव्हा नुसतं नाक खाली जातं. १४० मिमीचा फोर्क पूर्ण दबला तर हेड अँगल सहा अंशांहून जास्त उभा होतो, तेही नेमकं तीव्र उतारावर. म्हणून हार्डटेलला जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त निर्धास्तपणा असं गणित नसतं. सह्याद्रीतल्या मुरमाड आणि घसाऱ्याच्या पायवाटा, कोकण-गोव्यातला जांभा, टेकडीवरचे दगडी टप्पे, यांसाठी चांगल्या डॅम्परचा १२० मिमी पुरतो. फ्रेम नव्या घडणीची, ६६ अंशांच्या आसपास हेड अँगलची असेल तर १३०-१४०. १५० आणि पुढचं मागे शॉक असलेल्यांना सोडा.

स्टँशन म्हणजे वरच्या चकचकीत नळ्या. १२० मिमी ट्रॅव्हलपर्यंत ३२ मिमीची जाडी चालते, १२० ते १४० ला ३४ किंवा ३५, १५०-१६० ला ३६, आणि ३८ ची जाडी १७०-१८० च्या एंड्युरो फोर्कसाठी. ८५-९० किलोच्या वरच्यांनी एक पायरी जाड घ्यावी.

जुना फोर्क घेताना

बजेट कमी असेल तर नव्या साध्यापेक्षा जुना चांगला बरा, पण हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टँशनवरून नख फिरवा. नख अडकेल असा चरा असेल तर तेल गळणार. पायांच्या आतल्या बाजूचं कोटिंग घासून वेगळा रंग दिसत असेल तर ती नळी बदलावी लागते आणि तो खर्च फोर्कच्या किमतीला भिडतो. पुढचा ब्रेक दाबून, वायपर सील (खालच्या पायाच्या तोंडावरचं रबरी सील) आणि स्टँशन यांच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल पुढे-मागे हलवा. तिथे खुळखुळ लागली तर बुशिंग (स्टँशन ज्यांवर सरकतात त्या आतल्या कड्या) झिजलेत. खुळखुळ वर हेडसेटपाशी असेल तर ती फोर्कची नाही. उभं राहून हँडल आलटूनपालटून दाबताना क्राउनमधून करकर येत असेल तर स्टिअररचा दाबून बसवलेला जोड सैल झालाय, आणि तो सहसा दुरुस्त होत नाही. हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबून पाहा.

आणि स्टिअररची लांबी मोजा. जुन्या मालकाची फ्रेम लहान असेल तर स्टिअरर आखूड कापलेला असतो. हेड ट्यूब ११०, हेडसेट वर-खाली मिळून १५, स्पेसर २०, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) ४० असेल तर बेरीज १८५. त्यातून ३ मिमी वजा करून १८२ मिमी हवा. खाली स्पेसर नकोच असतील तर १६२ पर्यंत चालेल. त्याहून कमी असेल तर सोडून द्या.

बसवताना

हेच गणित नव्या फोर्कला. फरक इतकाच की तो लांब येतो आणि कापावा लागतो. पहिल्यांदा १० मिमी जास्तच ठेवा आणि स्टेमच्या वर एक स्पेसर घाला. महिनाभर चालवून हँडलची उंची ठरली की मग शेवटचा काप. कापलेलं परत जोडता येत नाही. कापताना गाइड वापरा, बारीक दातांची करवत घ्या, कडा कानशीनं घासून घ्या. क्राउन रेस आधी बसवा. ती पूर्ण टेकली नसेल तर हेडसेट कितीही आवळला तरी दोन राइडनंतर पुन्हा खेळ येतो. स्टार नट (टॉप कॅपचा बोल्ट ज्यात बसतो तो) स्टिअररच्या तोंडापासून साधारण १५ मिमी आत, सरळ.

क्रम असा: टॉप कॅप फक्त खेळ जाईपर्यंत आवळायची, हँडल सरळ करायचं, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कनं, बहुधा ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉप कॅपनं स्टेम धरला जात नाही. ती जोरात आवळणं ही नवशिक्यांची आवडती चूक आहे. त्यानं बेअरिंग मरतात आणि स्टिअरिंग जड होतं.

हवा, सॅग आणि रिबाउंड

फोर्कसोबत शॉक पंप घ्या. टायरच्या पंपानं हे होत नाही, तो काढतानाच दाब निघून जातो. खालच्या पायाच्या मागच्या बाजूला वजनाप्रमाणे पीएसआयचा तक्ता चिकटवलेला असतो. हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग धरून वजन घ्या. निम्मी हवा भरा, फोर्क दहा वेळा हळूच ट्रॅव्हलच्या पाव भागाइतका दाबा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो, मग उरलेली भरा आणि पुन्हा दाबा. पंप काढताना फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा. पण तपासायला पंप परत लावलात की नळी भरताना फोर्कमधला दाब खरंच थोडा उतरतो, म्हणून मागच्यापेक्षा कमी आकडा दिसला तर गळती समजू नका.

आता सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनानं फोर्क किती दबतो ते. भिंतीजवळ पेडलवर उभे राहा, उतारावर राहता तसे, आणि कुणाला तरी स्टँशनवरची रबरी ओ-रिंग खाली वायपर सीलला टेकवायला सांगा. फोर्क न उसळवता हलकेच उतरा आणि अंतर मोजा. ट्रॅव्हलच्या २० टक्के हवं: १२० ला २४ मिमी, १४० ला २८. जास्त असेल तर ५ पीएसआय वाढवा, कमी असेल तर काढा. टक्केवारी ट्रॅव्हलवर काढायची, दिसणाऱ्या नळीच्या लांबीवर नाही; काही फोर्कची नळी ट्रॅव्हलपेक्षा लांब असते. नवा फोर्क सुरुवातीला अडखळत चालतो, तेव्हा आठ-दहा तास चालवून झाल्यावर सॅग पुन्हा मोजा.

रिबाउंड पूर्ण बंद करा, उघडताना क्लिक मोजा आणि बरोबर मध्यावर ठेवा. सलग दगडांवर फोर्क दबत दबत कडक होत गेला तर रिबाउंड संथ आहे, दोन क्लिक उघडा. एका धक्क्यानंतर हँडल हाताला वर मारत असेल तर दोन बंद करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीच वाट पुन्हा चालवा.

सॅग बरोबर असूनही फोर्क वारंवार तळाला आपटतो? हवा वाढवू नका. एअरच्या बाजूला एक टोकन (हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा) घाला. त्यानं फक्त शेवटचा भाग कडक होतो. सगळ्यांत मोठ्या धक्क्यालाही ३० मिमी शिल्लकच राहत असेल तर टोकन काढा.

खालच्या पायांची सर्व्हिस साधारण ५० तासांनी करायची: लोअर्स काढून, सील पुसून, नवं तेल. कोणतं तेल आणि किती मिलिलिटर हे मॉडेलप्रमाणे बदलतं, कंपनीच्या कागदावरूनच घ्या. पावसाळ्यात चिखलात चालवत असाल तर ५० तासांची वाट पाहू नका. प्रत्येक राइडनंतर ओल्या फडक्यानं स्टँशन आणि वायपरची कड पुसा, गाडी धुण्याचा प्रेशर जेट सीलवर मारू नका, आणि गंज काढायचा स्प्रे तिथे कधीच नको, तो आतलं ग्रीस धुऊन नेतो. सायकल आठवडाभर उभी राहिली असेल तर निघण्याआधी दहा मिनिटं उलटी करून ठेवा, म्हणजे तळाशी उतरलेलं तेल सीलखालच्या फोमच्या रिंगांत पोचेल. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर सरळ केल्यावर लिव्हर दोन-चार वेळा दाबून पाहा आणि मगच उताराला लागा.